व्याह्यांच्या गिलासातलं पांढरं

घाटंजीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर रिकाम्या बाटल्यांची पेटी होती आणि गळ्यात बारीक जाळी. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "मासे धराले चालले का, भाऊ?" मी गंभीरपणे म्हणालो, "विहिरीतले." त्या जरा सरकून बसल्या.

खरी शास्त्रज्ञ माझी बहीण वैदेही. जमिनीखालच्या पाण्यातले जीव ती शोधते. मी हमाल.

घाटंजीपलीकडच्या गावात देवराव नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात मांडव पडत होता. उद्या मुलीचं लग्न, आणि विहिरीच्या काठावर ब्लीचिंग पावडरचं अख्खं पोतं! सकाळी बादलीत पांढरे, वळवळणारे जीव आले होते. शेजारच्या हापशीला (हातपंपाला) लाल रंग फासलेला. फ्लोराइड, पिऊ नये.

"व्याह्याच्या गिलासात एक जरी निघाला," देवराव म्हणाले, "तं पोरीले जलमभर आयकाव लागन."

वैदेहीने जाळी सोडली आणि बशीत एक जीव माझ्यापुढे धरला. तांदळाच्या कणीएवढा, झिंग्याचा भाऊबंद, डोळेच नाहीत. खडकाच्या भेगांतल्या अंधारात डोळे करायचे काय? तो विषारी नाही, ती म्हणाली, पण तो आहे म्हणून पाणी चांगलं असंही नाही. पोतं ओतलं तर मात्र पाणी कुणालाच पिता येणार नाही. विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड तिने तिथेच तपासलं, ठीक निघालं. जंतू तपासायच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं; ती सकाळपर्यंत काळी पडली, तर पाणी दूषित. पोतं थांबलं, आम्हीही मुक्कामी थांबलो. देवराव बाटलीकडे बघतच वांग्याची भाजी-भाकर जेवले.

सकाळी बाटली जशीच्या तशी. देवरावांच्या पत्नी सुमनबाईंनी ड्रमवर लुगड्याची चौपदरी घडी बांधली. पाणी गाळून झालं की त्या घडी उलटी करून विहिरीतच झटकत. मी कारण विचारलं.

"त्याईचं घर हाये ना ते," त्या म्हणाल्या. "आज एक लेकरू घरातून जाऊन राह्यलं, तेवढं पुरे."

पंगतीत मी व्याह्यांशेजारी. त्यांनी गिलास उचलला आणि थबकले. पाण्यात पांढरं काहीतरी! वाढता वाढता देवराव जागीच थिजले. मी गिलास हिसकावला आणि घटाघटा रिकामा केला.

व्याह्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "माह्या फेट्यातली अक्षत होती, भाऊ." मग वळून म्हणाले, "देवराव, तुमच्या पाहुण्याले पाणी देत नाई का कोणी?"

पंगत हसली. सगळ्यांत मोठ्यानं देवराव. अक्षतच होती का? पुरावा मी गिळून बसलो होतो.

पुण्यात परतल्यावर फिल्टरचं पाणी उजेडात धरून पाहिलं. चकचकीत, नितळ. त्यात कुणाचंच घर नव्हतं.