उदगीरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं होतं

"मॅडम, पिशवी एकच हाय आन् चिठ्ठ्या दोन. मी कुणाला देऊ?"

फोनवर शाहीन होती, लातूरच्या रक्तपेढीतली टेक्निशियन. एरवी ती फोन करायची ते प्रिंटर अडला म्हणून. त्या दिवशी प्रिंटर ठीक होता. बी निगेटिव्ह रक्ताची एकच पिशवी फ्रीजमध्ये होती. अकरा दहाला तिनं ती बाळंतपणात रक्तस्राव होत असलेल्या एका बाईच्या नावावर टाकली. अर्ध्या तासानं बाईचा भाऊ पिशवी न्यायला आला, तर स्क्रीनवर नाव भलत्याच पेशंटचं. नांदेडचा पेशंट, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. नांदेडची गाडीसुद्धा निघाली होती.

मी त्याच रक्तपेढीच्या वरच्या मजल्यावर बसायचे. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीनं लातूर, नांदेड आणि उदगीर अशा तीन ठिकाणी एकेक सर्व्हर ठेवला होता आणि प्रत्येकावर जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली एक सर्व्हिस, म्हणजे न थांबता चालणारा प्रोग्रॅम. कुठं कोणती पिशवी आहे, कुणासाठी राखून ठेवली आहे, हे तिन्ही सर्व्हिसेस एकमेकींना कळवत राहायच्या; कुठल्याही ठिकाणची पिशवी तिन्हीकडून राखता यायची. इंटरनेट गेलं तर ज्याचं त्यानं काम चालू ठेवायचं, लाइन आली की हिशोब जुळवायचा. तेव्हा लाइन दिवसातून चारदा जायची. या डिझाइनचा मला फार अभिमान होता, आणि अभिमान माणसाला कुठं नेऊन ठेवतो ते पुढं कळलंच.

खाली गेले. बाईचा भाऊ काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभा होता. ओरडत नव्हता, नुसता बघत होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

आमच्या डॉक्टरांनी नांदेडला फोन लावला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "हिला आत्ता पाहिजे, त्यांना उद्या. पिशवी हिला द्या." भाऊ पिशवी घेऊन अक्षरशः पळत गेला. पण नांदेडच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, की संध्याकाळपर्यंत दुसरी बी निगेटिव्ह मिळाली नाही तर ऑपरेशन रद्द. आणि तो पेशंट आधीच दोनदा रद्द होऊन परत गेलेला.

पुण्याहून आमचे मॅनेजर जोशी सर फोनवर आले.

"रीस्टार्ट केलंस?"

"केलं सर. पण रीस्टार्टनं पिशव्या दोन होत नाहीत."

"जीसी पॉज असेल."

जावा मधूनमधून मेमरीतला कचरा काढायला थांबते, त्याला जीसी पॉज म्हणतात. कारण सापडलं नाही की त्या काळी सगळे त्याच्यावरच बिल फाडायचे. मी तपासलं. पॉज होते, पण डोळा मिटून उघडण्याइतकेच. नेटवर्क पाहिलं, तर त्या दिवशी लाइन कधी नव्हे ती सकाळपासून धडधाकट.

मग तिन्ही सर्व्हरचे लॉग शेजारीशेजारी उघडले. लॉग म्हणजे सर्व्हिसची रोजनिशी, केलेलं प्रत्येक काम ती वेळेसकट लिहून ठेवते. क्रम असा दिसला. अकरा दहाला लातूरनं पिशवी बाईसाठी राखली. अकरा पंधराला उदगीरनं तीच पिशवी 'मोकळी' केली. अकरा वीसला नांदेडनं मोकळी बघून उचलली.

सगळा घोळ उदगीरच्या त्या एका ओळीत होता. बाईसाठी राखलेली पिशवी तिथून कुणी का सोडावी? मी तो लॉग खाली सरकवत शेवटच्या ओळीवर आले आणि तिथंच थांबले. ओळीवर वेळ होती बारा पंचवीस. माझ्या मनगटावर बारा दहा झाले होते.

अजून न आलेल्या वेळेला त्या मशीननं काम करून ठेवलं होतं.

उदगीरला फोन लावला. तिथल्या रक्तसाठवण केंद्राचं सगळं विश्वनाथअप्पांच्या हातात होतं. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, खिशात दोन पेनं. भुसाराची आडत धाकट्या भावावर सोपवून म्हातारपणी या कामात पडलेला माणूस.

"अप्पा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किती वाजलेत?"

"बारा सत्तावीस."

"आणि खरे?"

"खरे बारा बाराच की! ताई, हितलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढंच असतंय. भिंतीवरलं बी, कॉम्प्युटरातलं बी. त्ये आपोआप मागं येऊन राहिलं होतं, म्हणून म्या त्याची टिकच काढून टाकली."

टिक म्हणजे वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवून घेण्याची सोय. अप्पांनी ती शोधून, विचार करून बंद केली होती. आमच्या ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं ते त्यांना कधी सापडलं नाही, हे मात्र बरोबर सापडलं.

आता उलगडा झाला. त्या सकाळी उदगीरनं लातूरची ती पिशवी आपल्या एका पेशंटसाठी धरून ठेवली होती. त्याचं ऑपरेशन पुढं ढकललं, म्हणून अप्पांनी बरोबर अकराला ती प्रामाणिकपणे सोडली. मशीननं लिहिलं अकरा पंधरा. दहा मिनिटांनी शाहीननं ती बाईच्या नावावर टाकली. दोन सर्व्हरच्या बातम्या वेगळ्या आल्या तर जिची वेळ नंतरची ती खरी मानायची, असा नियम होता. तो कोडमध्ये मीच लिहिला होता. उदगीरची शिळी बातमी लातूरच्या ताज्या बातमीवर चढून बसली.

मी अप्पांना सगळं सांगितलं, नांदेडच्या पेशंटचंसुद्धा. थोडं रागातच सांगितलं.

"म्हंजे माज्या घड्याळानं त्या बाईची पिशवी पळवली म्हना."

"तिला मिळाली अप्पा. पण का हो ठेवता असं पुढं?"

"तुमचं कॉम्प्युटर नव्हतं तवाची गोष्ट हाय. पेशंटच्या रगताचं सँपल जुळवनीसाठी येष्टीनं लातूरला पाठवायचो. एकदा स्टँडावर तीन मिनिटं उशिरा पोचलो, ताई. गाडी डोळ्यांदेखत गेली. दुसरी तासानं. रगत यीपर्यंत बाळंतीण न्हाई राहिली. तवापासून घड्याळ पुढं." मग एकदम म्हणाले, "नांदेडवाल्याला बी निगेटिव्ह पायजे म्हनलात न्हवं? थांबा."

उदगीरला रक्त काढायची परवानगी नव्हती, फक्त साठवायची. पण अप्पांच्या वहीत गावातल्या रक्तदात्यांची नावं गटवार होती. वीस मिनिटांत त्यांचा फोन आला. देवणीच्या बाजूचा एक शिक्षक, बी निगेटिव्ह, सुट्टीवर घरी, उदगीरला भाजी घ्यायला आलेला.

"दोनच्या गाडीत बसवून देतो."

"गाडी चुकणार नाही ना?"

"माज्याकडनं?" अप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.

चारच्या आधीच तो शिक्षक पेढीत हजर. हातात भाजीची पिशवी तशीच. मेथी आमच्या रिसेप्शनच्या टेबलावर ठेवून त्यानं रक्त दिलं. तपासण्या आटोपल्या तेव्हा दिवस मावळत होता. नांदेडचा ड्रायव्हर दुपारपासून बाकावर झोपून होता, त्याला उठवून पेटी हातात दिली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नऊलाच झालं. बाई आणि बाळ आठवड्यानं घरी गेले. भावानं पेढे आणले, ते मी शाहीनला देऊन टाकले.

जोशी सरांना रिपोर्ट हवा होता. "रूट कॉज काय लिहू? ऑपरेटर एरर?"

"नाही सर. तिन्ही घड्याळं सारखी चालतील असं मी धरून चालले. माझं नाव लिहा."

"त्यानं टिक काढली होती ना?"

"काढली. पण माणूस टिक काढू शकतो, हे मला कळायला हवं होतं."

त्यांनी शेवटी 'डिझाइन डिफेक्ट' लिहिलं. अप्पांचं नाव कुठंच आलं नाही. मी उदगीरला जाऊन मशीनची वेळ जुळवली. कोड बदलला. प्रत्येक पिशवीच्या नोंदीला आता बदलागणिक एकानं वाढणारा आकडा होता. जुना आकडा बघून कुणी बदल केला तर सर्व्हिस स्वतः निकाल न देता काउंटरवर विचारायची. भिंतीवरच्या घड्याळाला मी हात लावला नाही. अप्पा चहा पाजताना मी त्याला हात लावते का, तेवढंच बघत होते.

आता सगळं क्लाउडवर गेलं. सर्व्हर कुठल्या देशात आहे ते मलाही विचारावं लागतं. काम चोख चालतं, पण पलीकडून "ताई, थांबा" म्हणणारं कुणी नाही, आणि मला त्याची फार आठवण येते.

गेल्या वर्षी अप्पा गेले. घरच्यांना भेटायला मी उदगीरला गेले होते. केंद्रातलं घड्याळ आता त्यांच्या घरी होतं, तसंच पुढं. सूनबाई म्हणाल्या, "मागं करायला हात होईना, ताई."

त्यात पाच वाजलेले बघून मी घाईनं उठले. स्टँडावर पोचले तर लातूरची गाडी लागायचीच होती. बाकावर बसून निवांत रडता आलं.

सर्व्हरची घड्याळं सेकंदाला जुळलेली पाहिजेत, यात दुमत नाही. माझ्या स्वयंपाकघरातलं मात्र पंधरा मिनिटं पुढं आहे.