भुलीची धास्ती

सुचेता रेडकरला उलटीची भीती वाटायची. ऐकणाऱ्याला हसू येईल म्हणून तिने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. गुणवंत रेडकरांना एवढंच माहीत होतं की बायकोला गाडी लागते, बाहेरचं खाणं तिला नको वाटतं, आणि घरात कुणाचं पोट बिघडलं की ती स्वयंपाकघराचं दार लावून आत बसते. प्रत्येकाची काही ना काही खोड असते, तशी हिची, असं ते धरून चालले होते.

त्या भीतीची सुरुवात परळला झाली होती. सुचेता तेव्हा चौथीत असेल. टॉन्सिल्स काढायला तिला दवाखान्यात नेलं. दोघांनी हात धरले, तिसऱ्याने नाकावर कापडाची जाळी दाबली आणि वरून काहीतरी थेंब थेंब ओतलं. गोडसर, घशात घुसणारा तो वास. ती शुद्धीवर आली ती उलटी करतच. गिळलेलं रक्त काळं होऊन बाहेर पडत होतं. एक उबळ संपते न संपते तोच दुसरी यायची, मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नाही. आपण मरतोय, याबद्दल तिला शंका उरली नव्हती. वॉर्डातली बाई म्हणाली, "नखरे नकोत गं पोरी." आई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिला आत सोडेपर्यंत संध्याकाळ झाली.

त्यानंतर सुचेताने आयुष्यच असं बेतलं की पुन्हा ती वेळ येऊ नये. लग्नाच्या पंगतीत ती वरणभातापलीकडे जायची नाही. एक्क्याण्णव साली रेडकर मंडळी परळहून मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात राहायला आली. तेव्हा तिकडे अर्धे रस्ते नुसते मातीचे आणि खड्ड्यांचे होते. रिक्षात बसलं की आतडी ढवळून निघायची. ती लवंग चावत चालत जायची, चपला चिखलाने भरल्या तरी.

त्याच्या कितीतरी आधी, परळलाच, स्वप्नाली पोटात असतानाचे दिवस तर तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सकाळपासून उलट्या, आणि दोन उलट्यांच्या मधल्या वेळात पुढच्या उलटीची भीती. मुलगी झाली तेव्हाच तिने मनाशी ठरवून टाकलं. पुढे गुणवंतांनी दुसऱ्या मुलाचा विषय काढला की ती म्हणायची, "एक पुरे." सासूला वाटलं, शहाणी सून खर्चाचा विचार करतेय. गुणवंतांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. हळूहळू त्यांनी विचारायचंच सोडलं.

सुचेताचा उजवा कान लहानपणीच फुटला होता. पावसाळ्यात वाहायचा, मग सुकायचा. चाळिशी उलटल्यावर त्या कानाने ऐकू येणं जवळपास बंद झालं. ती घरी प्राथमिकच्या मुलांची शिकवणी घ्यायची. मुलं हुशार. काही चोरून बोलायचं असलं की बाईंच्या उजव्या हाताला जाऊन बसायची. तिला ते कळत होतं आणि ती हसून सोडून द्यायची.

जे हसून सोडता आलं नाही, ते त्र्याण्णवच्या मेमध्ये घडलं. सुचेता ओट्याशी चिरलेली भेंडी परतत होती. स्वप्नाली मागून येऊन उभी राहिली. ती अकरावीला होती, सायन्सला.

"आई, माझं फिजिक्स गेलं."

"बरं झालं," सुचेता म्हणाली. "आता हातपाय धू आणि जेवायला बस."

तिला 'गेलं'च्या जागी 'झालं' ऐकू आलं होतं. तिला वाटलं, फिजिक्सचा पेपर किंवा शिकवणी संपली. मुलगी तिथून निघून गेली. पुढे कित्येक दिवस ती घरात कामापुरतं बोलायची. शेवटी एकदा गुणवंतांना कॉलेजातून निकाल कळला, घरात आवाज चढले, आणि स्वप्नाली रडत आईला म्हणाली, "बाबा निदान ओरडले तरी. मी नापास झाले सांगितलं तर तू बरं झालं म्हणालीस."

सुचेताने तिला जवळ घेतलं. खरं काय झालं ते सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं, पण अंग सैल सोडलं नाही.

त्याच आठवड्यात सुचेता भाईंदर पश्चिमेला डॉक्टर साव्यांकडे गेली. वरच्या मजल्यावर कानाचा दवाखाना, खाली त्यांचंच छोटं नर्सिंग होम. साव्यांनी कानात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"पडद्याला मोठं भोक आहे. कानामागचा पातळ पापुद्रा घेऊन नवा पडदा बसवता येईल. बऱ्यापैकी ऐकू येईल तुम्हाला."

"नाही केलं तर?"

"काही लगेच होत नाही. घाई नाहीये. तुम्ही ठरवा."

तेच तर तिला नको होतं. अपेंडिक्स फुटलं असतं तर लोकांनी उचलून नेलं असतं. इथे तिला स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं होतं, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्या टेबलावर आडवं व्हायचं होतं. तिने विचारलं, "डॉक्टर, नंतर उलटी होते का?"

"होते की. कानाच्या ऑपरेशनला जरा जास्तच होते. त्यात काय एवढं? इंजेक्शन देऊ." साव्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. "फक्त एक, जोराची उलटी झाली तर नवा पडदा हलू शकतो. तेवढं सांभाळायचं."

जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. तोंडाला पाणी सुटलं होतं, जीभ जड झाली होती. काही झालेलं नसताना तिला मळमळायला लागलं होतं.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर गुणवंतांनीच तारीख ठरवली. जनरल अॅनेस्थेशिया, म्हणजे पूर्ण भूल द्यायची, त्यामुळे आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं नर्सिंग होममधून बजावलं होतं. त्या सकाळी गुणवंत आंघोळीला गेले. सुचेता फडताळासमोर उभी होती. डब्यात कालच्या पोळ्या होत्या. तिने एक पोळी काढली आणि उभ्याउभ्या कोरडीच खाल्ली. मग वर कपभर चहा घेतला. भूक अजिबात नव्हती. घास घशाखाली उतरत नव्हता तरी ती ढकलत राहिली.

नर्सिंग होममध्ये सिस्टर ऑड्रे होती. उत्तनची, पन्नाशीची, बोटात जपमाळेची अंगठी. रक्तदाब बघता बघता तिने विचारलं, "बाय, सकाळपासून पोटात काय न्हाय ना?"

"पोळी खाल्ली," सुचेता म्हणाली.

ऑड्रेने हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि ती डॉक्टरांना सांगायला आत गेली. ऑपरेशन रद्द झालं. गुणवंत लाल झाले. "लहान मूल आहेस का? रजा काढलीय मी." एवढं बोलून ते रिक्षा बघायला खाली गेले. मग आतून हिरवी टोपी घातलेला एक तरुण डॉक्टर आला आणि तिच्या शेजारी बाकावर बसला. भूल देणारे डॉक्टर नीरज व्होरा.

"भूक लागली होती," त्याने विचारलं, "की भीती वाटत होती?"

"भीती," ती म्हणाली.

"कशाची? झोपेतून उठणार नाही याची?"

"नाही. उठल्यानंतरची."

त्याला कळलं नाही. मग तिने त्याला परळच्या जाळीची गोष्ट सांगितली. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होती, आणि तेही एका अनोळखी गुजराती मुलाला. तो हसला नाही.

"ते ईथर होतं. मी ते कधी वापरलेलंच नाही," तो म्हणाला. "आता औषधं वेगळी आहेत. उलटीवर एक नवीन इंजेक्शन आलंय, कॅन्सरच्या पेशंटना देतात ते. ते मी आधीच देईन. दुसरं म्हणजे, पूर्ण झोपवायलाच पाहिजे असं काही नाही. फक्त कान बधिर करूनही होतं हे. पण मग तुम्ही जाग्या असणार. आवाज येणार, चक्कर येऊ शकते."

"मग उलटी होणार नाही?"

"कमी चान्स. गॅरंटी नाही देत मी तुम्हाला. ज्याने दिली त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

त्याने हो म्हटलं असतं तर ती पुन्हा आली नसती, असं ती पुढे सांगायची.

घरात शिरल्यावर गुणवंत म्हणाले, "मला निदान सांगायचं तरी. मी जबरदस्ती केली असती का?" तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. बोलता बोलता, ठरवलं नसताना, दुसऱ्या मुलाचंही बोलून गेली.

गुणवंत पंख्याखाली खुर्चीत बसून होते. "म्हणजे मी नको होतो असं नव्हतं," ते म्हणाले.

"असं वाटलं तुम्हाला?"

"मग काय वाटणार?"

ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. चहा दोघांनी गार झाल्यावर घेतला. पण दुसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पोळ्यांचा डबा उचलून शेजारी ठेवायला दिला, आणि ती हसली.

ते हसू सकाळपर्यंत टिकलं नाही. ती स्वतःच टेबलावर चढून आडवी झाली. डोक्यावरून हिरवं कापड आलं. पूर्ण भूल न देता फक्त कान बधिर करायचं ठरलं होतं. कानाभोवती सुया टोचल्या, मग तो भाग दगडासारखा झाला. ऑड्रे तिच्या पायांशी उभी होती, व्होरा डोक्याशी. तो मधूनमधून कापडाची कड उचलून तिचा चेहरा बघायचा. साव्यांचं काम सुरू झालं. कानात खरखर, टकटक, कुणी पत्र्याच्या डब्यात वाळू हलवतंय तसं. ती श्वास मोजत होती आणि मोजणी चुकत होती.

मग साव्यांनी कान धुतला. पाणी आत गेलं आणि एकदम खोलीच कलंडली. ती पडली नव्हती, पण पडत होती, न थांबता. पोटातून ओळखीची लाट वर सरकायला लागली. तोंडाला पाणी. कपाळावर गार घाम. इथे, या कापडाखाली, कान उघडा असताना. तिला उठून पळायचं होतं. ती जवळजवळ उठलीच.

"हलू नका," साव्यांचा आवाज.

"होतंय मला," ती म्हणाली. "डॉक्टर, होतंय."

व्होराने कड उचलली. "माझ्याकडे बघा. माझ्या बटणाकडे बघा. तेच धरून ठेवा डोळ्यांनी. सावेसाहेब, एक मिनिट थांबा." त्याने सलाइनच्या नळीत काहीतरी सोडलं. पायाशी ऑड्रेने तिच्या घोट्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. "हाय मी हितंच, बाय."

पांढरं बटण, त्याचा एक धागा सुटलेला. ती त्या धाग्याकडे बघत राहिली. लाट गळ्यापर्यंत आली, तिथे थांबली, आणि कुणी खेचून घ्यावी तशी मागे गेली. साव्यांनी परत काम सुरू केलं. ते संपेपर्यंत तिची भीती काही कमी झाली नाही. प्रत्येक क्षण ती पुढच्या लाटेची वाट बघत होती. ती आली नाही.

आली ती संध्याकाळी. ऑड्रेने आधार देऊन तिला उठवलं, मोरीपर्यंत न्यायला. दोन पावलं टाकली आणि भिंती फिरल्या. ऑड्रेकडे ट्रे तयार होता. एक उबळ, मग दुसरी. नुसतं पिवळं पाणी. सुचेताने डोळे गच्च मिटले होते. परळच्या त्या पोरीसारखी ती पुढच्याची वाट बघत राहिली. काहीच आलं नाही.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपला," ऑड्रे म्हणाली आणि तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं.

मग दुसरीच धास्ती बसली. पडदा हलला असेल तर? हे सगळं फुकट गेलं असेल तर? पट्टी निघेपर्यंतचे दिवस तिने शिंक दाबत, मान ताठ ठेवून काढले. स्वप्नाली तिला जेवण भरवायची, कारण खाली वाकायची तिला भीती वाटत होती. आई-मुलगी त्या दिवसांत पुष्कळ बोलल्या. फिजिक्स सोडून कॉमर्सला जायचं, हे तेव्हाच ठरलं. साव्यांनी कानात भरलेली औषधाची वात काढून आत पाहिलं तेव्हा सुचेताने गुणवंतांचं मनगट इतकं आवळलं की नखं उमटली.

"धरलाय पडदा," सावे म्हणाले. "कडेला जरा ओला आहे, पण धरलाय."

ऐकू पूर्ववत कधीच आलं नाही. पण बऱ्यापैकी आलं. मुलांना शिकवणीत कुजबुजायला दुसरी जागा शोधावी लागली.

भीती मात्र गेली नाही. सत्त्याण्णव साली तळमजल्यावरच्या विमलाबाईंना गर्भाशयाचं ऑपरेशन सांगितलं. त्या सुचेताकडे येऊन बसल्या. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बडोद्याला होता.

"तुम्ही धीराच्या. मला फार भीती वाटतेय."

"मी धीराची नाही हो," सुचेता म्हणाली. "मी पोळी खाऊन गेले होते." आणि तिने त्यांना ती सगळी हकिकत सांगितली, उलटीसकट. "तुम्हालाही होईल कदाचित. भूल देणाऱ्याला आधी भेटा. काय काय वाटतं ते सगळं सांगा त्यांना. मी येते बरोबर."

ऑपरेशनच्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर बसली. दुपारी विमलाबाईंना खोलीत आणलं. थोड्या वेळात आतून ओकारीचा आवाज आला. सुचेताने पिशवी उचलली. ती उठली, तडक जिना उतरून रस्त्यावर आली आणि केळीवाल्याच्या गाडीशी उभी राहून लांब श्वास घ्यायला लागली. केळीवाल्याने विचारलं, "क्या हुआ, बहनजी? पानी दूँ?" तिने मानेनेच नको म्हटलं.

ती बराच वेळ तिथे उभी राहिली. घरी निघून जावं असं तिला वाटत होतं. मग तिने पदराने चेहरा पुसला, पिशवीतून एक लवंग काढून दाढेखाली धरली आणि परत वर गेली. खोलीत जाऊन तिने ट्रे हातात घेतला. मान दुसरीकडे वळवलेली होती, पण ट्रे तिने सरळ धरला होता.