वरच्या मजल्यावरची भाकर

कोकिळा भाड्याने राहायला आली त्याच दिवशी मी तिला घराचे नियम सांगून टाकले. चपला जिन्याखाली काढायच्या. कपडे गच्चीवर वाळत घालायचे, रस्त्याकडच्या कठड्यावर नाही. नळ चौथ्या दिवशी येतो, तेव्हा आधी आमची टाकी भरेल, मग तिची. पाहुणे आले तर संध्याकाळी परत गेले पाहिजेत. फोनवर बोलायचं तर दार लावून, कारण घाटाखालची माणसं फोनवरसुद्धा शेजारच्या वावरातल्या माणसाला हाक मारल्यासारखी बोलतात. प्रत्येक नियमाला ती "हाव काकू" म्हणाली. बाई गरीब दिसते, असं मी आमच्या ह्यांना, म्हणजे महादेवरावांना, सांगितलं. माणसं ओळखण्यात मी सहसा चुकत नाही, पण तेव्हा सपशेल चुकले.

ती घाटाखालच्या वरवट बकाल गावची. नवरा चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. घरची पाच एकर जमीन दीर गजेंद्र आणि ती मिळून कसत होते. मुलगी काजल बारावीला शाळेत पहिली आली आणि डॉक्टरच होणार म्हणून हटून बसली. तिचा क्लास बुलढाण्यात, म्हणून मायलेकी घाट चढून वर आल्या. गजेंद्रने मात्र पुतणीसाठी स्थळ पाहून ठेवलं होतं. शहर काही बाईमाणसाला झेपायचं नाही, दोन महिन्यांत वहिनी सामान घेऊन परत येते की नाही बघा, असं त्याने चार लोकांत सांगितलं होतं. हे सगळं तिनेच मला दुसऱ्या दिवशी जिन्यात उभं राहून, हसत हसत सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही नाही. काठवट उचलली अन् गाडीत ठेवली."

भाकरी थापायची ती लाकडी काठवट मी पाहिली होती. तिने ती एकटीने कमरेवर घेऊन वर नेली होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शहरात नवं आलेलं माणूस आधी थोडं बिचकतं. मी स्वतः तीस वर्षांपूर्वी आले तेव्हा सहा महिने कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटी गेले नव्हते. ही चौथ्या दिवशी चिखली रोडवरच्या किराणा दुकानात जाऊन धान्य निवडायचं काम घेऊन आली. दुकानदाराने अनुभव विचारला, तर म्हणे, "पंचवीस वर्सं झाली, निवडूनच राह्यली." सकाळी फिरायला निघालेल्या कॉलनीतल्या प्रत्येक माणसाला ती रस्त्यातून मोठ्याने रामराम घालायची. कोणी उत्तर देत नसे. मी तिला सांगितलं, इथे असं चालत नाही, लोक हसतात. ती म्हणाली, "हसू द्या. रामराम काही त्याइच्या घरचा नाही." तिसऱ्या आठवड्यात समोरचे निवृत्त हेडमास्तर लांबूनच हात जोडायला लागले, तेव्हा मला त्या हेडमास्तरांचाच राग आला.

एकदा तिने मला विचारलं, "काकू, तुमी मूळच्या कोठच्या?"

"मलकापूरकडची," मी म्हटलं. मी सगळ्यांना तेच सांगते.

"धामणगाव बढ्याच्या ना? जिन्याखाली तुमची पितळी परात पडेल हाय, तिच्यावर नाव घातलं हाय. गावासकट."

मी नळाची वेळ झाली म्हणून आत गेले. माहेरच्या खेड्याचं नाव दिसायला नको म्हणून ती परात त्याच दिवशी पलंगाखाली सरकवली.

हे सगळं मी चालवून घेतलं. भाकर चालवून घेतली नाही.

काजलचा क्लास सकाळी सहाला. तिथून ती अभ्यासिकेत जायची ती थेट तिसऱ्या प्रहरी परत यायची, म्हणून डबा सोबत. म्हणून पहाटे पाचला भाकरी. आणि तिच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आमची निजायची खोली. ती जमिनीवर बसून काठवटीत भाकर थापायची आणि तो आवाज स्लॅबमधून सरळ माझ्या उशाशी यायचा. थप्, थप्, थप्. मध्ये जरा थांबायचा, तेवढ्यात भाकर तव्यावर पडायची, की पुन्हा थप्, थप्. रोज सहा भाकरी. ह्यांच्या कानाशी ढोल बडवला तरी कूस बदलत नाहीत, त्यामुळे त्रास एकटीला मलाच होता आणि घरात कोणी माझी बाजू घेत नव्हतं.

पहिल्यांदा मी गोडीत सांगितलं. तिने काठवटीखाली पोतं घातलं. दोन दिवस आवाज थोडा दबला, पण काठवट डुगडुगायला लागली आणि भाकरी फाटायला लागल्या. मग मी म्हटलं, ओट्यावर उभं राहून थाप. तिची उंची ओट्याला पुरेना. मग म्हटलं, लाटून बघ. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला भाकर शिवायला सांगितली. शेवटी मी म्हटलं, "पोळ्या कर ना, कोकिळा! शहरात सगळे पोळ्याच खातात."

"माह्या वावरातली ज्वारी हाय, काकू. पोतंभर आणली. थे ठेवून गहू काऊन इकत आणू?"

"माझी झोपमोड होते त्याचं काय?"

तिने हातातलं पीठ झटकलं आणि माझ्यासमोर सरळ उभी राहिली. "तुमी चपला म्हटल्या, आयकलं. कपडे म्हटले, आयकलं. पानी तुमच्या मागून भरतो. भाऊ आला होता तर त्याले चहा पाजून वापस धाडला. आता खाऊ काय थेही तुमाले इचारू? भाकर नाही सोडत मी."

मला राग आला. माझ्याच घरात उभी राहून मला उत्तर देते! मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की भाकर बंद नाही केली तर महिनाअखेर खोली रिकामी करायची. ती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पाचला तिने सात भाकरी थापल्या. मी मोजल्या.

त्या रागात मी जे केलं ते आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. भाडेकराराच्या कागदावर जवळचा नातेवाईक म्हणून गजेंद्रचा नंबर होता. मी त्याला फोन केला. तुमच्या वहिनीला जरा समजवा, ऐकत नाहीत, खोली सोडायची वेळ आली आहे, एवढंच म्हणाले. मला वाटलं तो तिला फोनवर चार शब्द सांगेल. तो रविवारी सकाळी दहाला पिकअप घेऊन दारात उभा राहिला.

आमच्या सोफ्यावर बसून त्याने चहा घेतला. वागायला चांगला माणूस, पायाही पडला. "बरं केलं काकू, फोन केला. मी दोन महिने म्हटले होते, तीन निघाले. आज सारं सामान भरून नेतो. पोरीचं स्थळ अजून कायम हाय, मानसं चांगली हायेत." तो खूश होता. मी फोन करून त्याला त्याचं बोलणं खरं करून दिलं होतं, आणि ते मला त्या चहाच्या कपाकडे बघताना कळलं. तीन महिने मी त्या पोरीला अंधारात सायकल काढताना पाहत होते. ती परत गेली तर पुन्हा कधी घाट चढणार नव्हती.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढे कोकिळा, कमरेवर ती भलीमोठी काठवट आणि हातात पिठाचा डबा. मागे काजल, एका हातात तवा, दुसऱ्या हातात ठेच्याची वाटी. पोरीचे डोळे लाल झाले होते. कोकिळाचे नव्हते. ती दिराकडे न बघता माझ्यासमोर आली.

"काकू, तुमच्या खाली कोन राह्यते?"

"माझ्या खाली? कोणी नाही. खाली जमीन आहे."

"मंग झालं."

ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली, फरशीवर बसली, काठवट पुढ्यात ओढली आणि पीठ मळायला लागली. काजलने तवा ठेवला आणि गॅस पेटवला. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"वैनी, नाटक पुरे झालं. सामान बांधा," गजेंद्र दारातून म्हणाला.

"बसा भाऊजी. इतक्या दुरून आले, उपाशी थोडीच जाऊ देऊ?" तिने पहिली भाकर थापायला घेतली. आवाज साऱ्या घरात घुमला. "काजलची परीक्षा मे महिन्यात हाय. तवालोक मी काही येत नाही. त्याच्या बादही येईन का नाही, थे मी ठरवीन."

"अन् राहाल कोठी? रस्त्यावर? काकूनं खोली खाली कराले सांगितली हाय." तो माझ्याकडे वळला. "सांगा ना काकू. तुमीच फोन केला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काजल बघत होती. आमचे हेसुद्धा पेपर खाली करून बघत होते. एकटी कोकिळा बघत नव्हती. तिचा हात थांबला नाही. मी काहीही म्हटलं असतं तरी तिने ती भाकर पुरी केली असती, हे मला तिच्या पाठीकडे पाहून कळलं.

"सांगितली होती खाली कराले," मी म्हटलं. "आता नाही सांगत. खोली तिची हाय, जवर तिले राहाचं तवर. तुमी हात धुवा अन् जेवाले बसा."

तीस वर्षांत मी ह्या घरात माहेरच्या बोलीत बोलले नव्हते. ह्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला, पण हसत होते हे मला दिसलं.

गजेंद्र हात धुऊन आला. मग बसला. दोन भाकरी आणि ठेचा खाल्ला, तिसरी कोकिळाने आग्रह करून वाढली. जाताना त्याने पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याची रिकामी पिकअप कोपऱ्यावरून वळली तेव्हा काजल तिथेच, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. कोकिळा काठवट धूत होती.

मला एकदम मोठेपणा सुचला. म्हटलं, "कोकिळा, रोज इथंच थापत जा. दाराची एक किल्ली तुझ्याकडे देऊन ठेवते. माझीही झोप वाचेल."

तिने काठवट पुसली आणि कमरेवर घेतली.

"काकू, तुमी फोन केला थे मी इसरणार नाही. आज बोलल्या थेही इसरणार नाही. पन रोज दुसऱ्याच्या घरात भाकर थापासाठी मी गाव नाही सोडलं. उद्यापासून वरच थापीन. पाचला."

"साडेपाचला थाप निदान."

"काजलचा क्लास सहाले असते."

"सव्वापाच."

"पाच," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.