एकवचनावर ठाम राहिलेले सर

भालेराव सरांची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. जळगावच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला रुजू झालो आणि पहिलीच सूचना लिहिली, 'द क्रायटेरिया फॉर ॲडमिशन इज मेरिट.' सर विभागप्रमुख होते. त्यांनी ती सूचनाफलकावर लागू दिली नाही, पण चारचौघांत बोललेही नाहीत. चहाला नेऊन म्हणाले, "निकष एकच असेल तर क्रायटेरियन इज. अनेक असतील तर क्रायटेरिया आर. लिहिण्याआधी किती आहेत ते स्वतःला विचारा, म्हणजे चुकणार नाही." माझ्यासारख्या नवख्यालाही ते 'अहो' म्हणत.

पुढे माझे वडील आजारी पडले, तेव्हा सरांनी महिनाभर माझे तास घेतले आणि त्याचा उल्लेख कधीच केला नाही. असे असूनही मी त्यांच्याशी कसा वागलो, ते इथे लिहिणे मला भाग आहे.

विभागात एक जागा भरायची होती. जाहिरातीतले वाक्य सरांनीच लिहिले होते: 'द ओन्ली क्रायटेरियन इज द डेमॉन्स्ट्रेशन लेसन.' वर्गावर दिलेला पाठ, एवढाच निकष. साक्रीकडून आलेल्या उमेदवार सुनंदाताईंनी पाठ असा दिला, की घंटा झाली तरी मुले उठेनात. निवड समितीत सरांबरोबर मीही होतो. तरीही समितीतले संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, "बाईंचं बोलणं फार गावाकडचं आहे. उच्चार बघायला हवेत, व्यक्तिमत्त्वही."

सर शांतपणे म्हणाले, "आपण एकवचन छापलं आहे. पाठ झाल्यावर त्याचं अनेकवचन करता येणार नाही."

"सर, व्याकरणाचा तास नंतर घ्या," ते हसले. मीही हसलो. नकाराच्या अहवालावर सरांनी सही केली नाही. माझी बढती त्या गृहस्थांच्या हातात होती, मी केली.

सुनंदाताई बाहेरच थांबल्या होत्या. नकार ऐकून त्यांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली, "सर, मन्हं काय चुकनं?"

मी मान खाली घातली. सर पुढे झाले. "तुमचं काही चुकलं नाही, ताई. आमचं चुकलं."

त्यानंतर सरांना कोणत्याही समितीवर घेतले गेले नाही. विभागप्रमुखपद माझ्याकडे आले. निवृत्तीपर्यंत सर माझ्या हाताखाली काम करत राहिले, एकही कडू शब्द न बोलता. त्यांनी रागावायला हवे होते, असे मला अनेकदा वाटे.

गेल्या महिन्यात धुळ्याला, लेकीकडे राहणाऱ्या सरांना भेटलो आणि प्रथमच क्षमा मागितली. "वाईट वाटलं होतं," ते म्हणाले, "पण क्षमा माझ्याकडे कशाला मागता? बाईंकडे जा."

सुनंदाताई आता चाळीसगावच्या एका शाळेत शिकवतात. त्यांनी खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तेव्हा बोलला असतात, तर बरं झालं असतं." त्यांनी मला क्षमा केली, असे मी म्हणणार नाही.

सर पंचाहत्तरीचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांसोबत मीही मागतो. त्यात माझा स्वार्थही आहे. ज्या दिवशी त्यांच्या बाजूने उभे राहायचे होते, तो दिवस मी घालवला. तसा दुसरा दिवस उगवलाच, तर तो पाहायला सर असावेत.