लाजेला खुर्ची न देणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताईंची आणि माझी पहिली गाठ इथे अमेरिकेत, चँडलर गावी, एका रविवारच्या हळदीकुंकवात पडली. माझ्या मुलाची, मिलिंदची, नोकरी नुकतीच गेली होती आणि कुणाला सांगायचं नाही असा घरातून हुकूम होता. मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त शेजारी बसलेल्या बाईंना सांगितलं. त्या निर्मलाताई निघाल्या, यात माझा काय दोष?

त्यांनी हातातली आंब्याची डाळ खाली ठेवली. "क्लेम फाइल केला का त्यांनी?"

"नाही हो. म्हणतो, महिन्यात जॉब मिळेल, बेकारभत्ता म्हणजे भीक."

"मावशी, तो विमा आहे. कंपन्या तो भरतात याच दिवसासाठी. उशीर केला तर गेलेले आठवडे सहसा परत मिळत नाहीत. मंगळवारी मी लायब्ररीत असते, पाठवा त्यांना. सोशल सिक्युरिटीचा नंबर, कंपनीचा पत्ता, लागल्या-सुटल्याच्या तारखा घेऊन यायचं. लाज घरी ठेवायची, तिच्यासाठी माझ्याकडे खुर्ची नाही."

आईसाठी खुर्ची नाही असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. म्हणून मीही गेले.

ज्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे त्या ताईंनी सरकारच्या रोजगार कचेरीत उभी हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर तेच काम फुकट करायला घेतलं. मला अक्षर येत नाही. हेही मी बोलते आहे आणि सूनबाई लिहिते आहे, गैरसोयीचं तेवढं गाळत नसेल तर. पण त्या दिवशी निर्मलाताईंनी फॉर्ममधला एकेक प्रश्न मिलिंदला इंग्रजीत आणि मला मराठीत वाचून दाखवला. मिलिंद वैतागला, "काकू, आईला कशाला? फॉर्म माझा आहे ना!"

"फॉर्म तुमचा, काळजी त्यांची," त्या म्हणाल्या.

पुढे काय काय होणार तेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. पहिला आठवडा कोरडा जातो, पैसे येत नाहीत, घाबरायचं नाही. टपालानं भत्ता किती बसू शकतो त्या आकड्यांचं पत्र येतं, तो मंजुरीचा निकाल नव्हे, हुरळायचं नाही. आणि दर आठवड्याला हजेरी द्यायची: काम शोधलं का, काही कमावलं का, कामाला मोकळे होतात का. घरी येताना मला इतका हुरूप आला होता, की जणू मलाच भत्ता मंजूर झाला!

ताईंचा एक कडकपणा आहे. आमच्याच ओळखीचे एक गृहस्थ शनिवारी पैसे घेऊन तबला शिकवायचे. ते हळूच म्हणाले, "ताई, एवढंसं काय लिहायचं?" ताईंनी पेन बंद करून टेबलावर ठेवलं. गृहस्थांनी तबला सांगितला तेव्हाच ते पुन्हा उघडलं.

आता आमच्या घोटाळ्याकडे येते. तो मीच केला. पाचव्या आठवड्यात बुधवारी यांचं श्राद्ध आलं. मी मिलिंदला बजावलं, "आज वडिलांचा दिवस. कंप्युटर उघडायचा नाही." त्यानं मान डोलावली. रविवारी हजेरी देताना 'रोज कामाला मोकळे होतात का' या प्रश्नाला या सत्यवचनी बाळानं 'नाही' असं उत्तर दिलं. का, तर बुधवारी श्राद्ध होतं! भत्ता थांबला. कचेरीतून पत्र आलं, अधिकारी फोनवर चौकशी करतील. घराचा हप्ता त्या भत्त्यावर चालला होता. मी ताईंना फोन लावायला सांगितला.

फोनच्या दिवशी निर्मलाताई आमच्या घरी आल्या. मी म्हटलं, "ताई, श्राद्ध झालंच नाही असं सांगू दे त्याला. यांची समजूत मी वर गेल्यावर काढीन."

"मावशी, खोटं एक अक्षर नको. मिलिंद, त्या दिवशी सकाळपासून जे जे केलंत ते तसंच सांगा."

फोन आला. मिलिंद इंग्रजीत बोलू लागला. अर्ध्यात निर्मलाताईंनी ओठ घट्ट मिटले, खांदे हलायला लागले.

"काय झालं हो? काय म्हणतोय?"

त्या माझ्या कानाशी वाकल्या. "म्हणतायत, अकराला विधी संपला. जेवण झाल्यावर गराजमध्ये गाडीत बसून फोनवरून दोन ठिकाणी अर्ज केले. त्याच दिवशी बोलावलं असतं तर गेलो असतो. आईला यातलं काही माहीत नाही."

मी मिलिंदकडे पाहिलं. त्यानं फोनवर हात ठेवला. "सॉरी, आई."

"सॉरी काय मेल्या? आणखी दोन का नाही केलेस?"

त्या आठवड्याचा भत्ता मंजूर झाला. गराजमधल्या त्या दोन अर्जांपैकी एकानं पुढे नोकरीही दिली. पेढे घेऊन गेलो तर ताई म्हणाल्या, "मी काय केलं? खरं बोललात ते तुम्हीच."

तर निर्मलाताई, तुमच्याहून वीस पावसाळे जास्त पाहिलेत, म्हणून हक्कानं आशीर्वाद देते. गुडघे धड राहोत, डोळे शाबूत राहोत, शंभरी गाठा. आणि असे मंगळवार तुमच्या वाट्याला येवोत, की टेबलासमोर एकही माणूस नाही, तुम्ही आपल्या जांभया देत बसला आहात. देव करो आणि तुम्ही बेकार व्हा. मी येईन गप्पा मारायला.