रक्ताची नळी आणि माझा हात

मी माझ्या लेकीच्या रक्ताची नळी खळाखळा हलवली. लॅबच्या दारापर्यंत चारदा.

मुरगूडजवळच्या आमच्या गावात मी दूध संस्थेत फॅट बघतो. दूध जरा वेळ ठेवलं की साय वर चढते, म्हणून नमुन्याची बाटली मशीनला लावण्याआधी चांगली हलवायची. नाहीतर फॅट चुकतं आणि म्हशीचे मालक भांडायला येतात. इतक्या वर्षांत हात तेवढंच शिकलाय, आणि तो मला विचारून काही करत नाही.

लेक सहा वर्षांची. साधा फ्लू म्हणता म्हणता तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. कोल्हापुरात आणून मुलांच्या आयसीयूत ठेवली. झटके थांबले, पण पोरगी डोळे उघडेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणूमुळं मेंदूला सूज आलीय. इजा किती, याचा अंदाज घ्यायला रक्ताची एक तपासणी करू. मेंदूच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातलं एक द्रव्य रक्तात उतरतं, ते मोजतात."

मी मान डोलावली. मला कळलं ते इतकंच, की पोरीचा मेंदू आतल्या आत झिरपतोय.

नळी न्यायला माणूस येईना. लॅब रस्त्यापलीकडं. "द्या, मी जातो," मी सिस्टरना म्हटलं. बसून बसून हातांना काहीतरी काम हवं होतं. रस्त्यात बघतो तर रक्त खाली बसलेलं आणि वर पिवळसर पाणी. खराब झालं की काय? मग हातानं त्याला येत होतं ते केलं.

दुपारी रिपोर्ट आला. ठळक आकडा, शेजारी वर जाणारा बाण. नॉर्मलच्या कितीतरी पट.

"अवो, किती आलंय?" बायकोनं विचारलं.

"बरं हाय," मी म्हटलं, आणि संडासात जाऊन नळ सोडून रडलो. तिथं उभ्या उभ्या मी सगळं ठरवून टाकलं. पोरगी चालणार नाही, बोलणार नाही, चाकाच्या खुर्चीसाठी घराचा उंबरा काढावा लागेल. आपण म्हातारे झाल्यावर तिला भरवणार कोण, इथपर्यंत पोचलो. मग तोंडावर पाणीही न मारता बाहेर आलो.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या तळाची बारीक ओळ वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्यात. हेच द्रव्य त्यांच्यातही असतं, त्यामुळं आकडा उगाच फुगलाय. नळी कुणी नेली?"

"मी."

"कशी?"

"हलवत."

मग सगळं सांगावं लागलं. दूध, साय, फॅट. सिस्टर भिंतीकडं तोंड करून हसत होत्या. बायको हसली नाही.

"आणि मला बरं हाय म्हणून सांगितलासा व्हय?" एवढंच ती बोलली.

पोरीच्या काडीसारख्या हातात पुन्हा सुई गेली, माझ्यामुळं. या खेपेला नळी सिस्टरनी स्वतः नेली. मला जिन्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. आकडा बराच खाली आला, पण नॉर्मल नव्हता.

"थोडा वाढलेलाच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एकट्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. जागी झाली की बघू."

माझ्या गाढवपणानं वाढवलेली भीती तेवढी गेली. उरली ती खरी, आणि ती काही लहान नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी पोरीनं डोळे उघडले. नजर छताला. डॉक्टरीणबाईंनी मला दंडाला धरून पुढं ओढलं. "बाळा, हे कोण?"

ती माझ्याकडं बघत राहिली. नुसती बघतच राहिली. ओळखीची एक रेघ चेहऱ्यावर उमटेना. बायकोनं माझा शर्ट मागून घट्ट धरला होता. कॉटची दांडी पकडून मी पार तिच्या तोंडाजवळ वाकलो.

तिनं नाक मुरडलं.

"पप्पा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जावा, आंघोळ करून या की. लई वास मारालाय."