जुन्या नावाची एक ओळ

चादरीची दोन टोकं ताईच्या हातात, दोन तिच्या सासूबाईंच्या. पिळायला सुरुवात केली आणि ताईचा फोन वाजला. सासूबाई ओली चादर पोटाशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

ताई मूकबधिरांच्या शाळेतले संगणक सांभाळते, त्याला बावीस वर्षं झाली. फोन मोठ्या बाईंच्या भाचीचा होता. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका. नोकरीच्या पहिल्या दिवशी बावरलेल्या ताईला हाताला धरून आत नेलं ते त्यांनीच, आणि तिनं टाइप केलेल्या पत्रांत गाळलेल्या ओळी दाखवायच्या त्याही त्याच. आता त्या अंथरुणाला खिळल्यात, पण रोज सकाळी मुलांना एक मेल नेमानं लिहितात.

"तीन दिवस मेल परत येतायत," भाची म्हणाली. "आत्या म्हणते, शाळेला मी नकोशी झाले. आज लिहायलाच बसली नाही."

बघते म्हणून ताईनं फोन ठेवला. शाळेचं नाव बदललं, म्हणून तीन दिवसांपूर्वीच तिनं मेलच्या सर्व्हरला शाळेचं नवं नाव दिलं होतं. जुन्या पत्त्यावर लिहिणाऱ्यांची पंचाईत नको, म्हणून जुन्या नावाची वाटही त्याच्याच दारात आणून सोडली होती. ओल्याच हातानं लॅपटॉप उघडून तिनं नोंदी वाचल्या आणि कपाळावर हात मारला.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"पत्र दारापर्यंत येतंय, आई. पण हे जुनं नावही तुझंच, असं सर्व्हरला सांगायचंच राहिलं. तो म्हणतो, या नावाचं इथं कुणी नाही."

"देवाला बाई कुठल्याही नावानं हाक मारा, ओ देतो!"

"देवाला यादी लागत नाही. ह्याला लागते."

आपली म्हणून कोणती नावं मानायची, त्या यादीत ताईनं जुन्या नावाची ओळ घातली आणि मेलची सेवा पुन्हा सुरू केली. जुन्या पत्त्यावर स्वतःच एक मेल धाडला. तो पोचला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मग भाचीला फोन.

"बाईंना द्या... बाई, शाळा नाही विसरली. मीच एक ओळ विसरले."

पलीकडून तोच जुना आवाज, जरा कापरा:

"अजून ओळी गाळतेस होय गं? थांब. मुलं वाट बघत असतील, आधी लिहून घेते."

ताईनं डोळे पुसले, तेही ओल्याच हातानं.

"झालं असेल तर धर," सासूबाई म्हणाल्या. "माझं पोट भिजलं."

चादर दोरीवर गेली. ताईनं पायात चपला सरकवल्या. सासूबाईंच्या चष्म्याची काल तुटलेली काडी जोडून आणायची होती.